एका रेघेची दुरुस्ती

माझ्या बाबांना माणसं ओळखायची फारशी हौस नव्हती, पण धूर ते लांबून ओळखायचे. रस्त्यावरून एखादी जुनी गाडी फटफटत गेली की मान वळवून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "तीन." शेजारच्या इमारतीतल्या जनरेटरला त्यांनी कधीतरी अडीच दिला होता आणि पुढची दहा वर्षं तो अडीचवरच राहिला. आईच्या हातून तव्यावर काही करपलं तर घरात पाऊल टाकता टाकता आकडा यायचा. आई म्हणायची, कारखान्यातला माणूस आहे, दर महिन्याला पगार आणेल म्हणून याच्याशी लग्न केलं, हा तर रोज निकाल घेऊन येतो.

ते पेपर मिलमध्ये बॉयलरवर होते. कागद वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि त्या बॉयलरला कोळसा. कोळसा किती टाकायचा, हवा किती सोडायची, राख कधी ओढायची हे बघणाऱ्या माणसाला मिलमध्ये फायरमन म्हणत. बाबा एकतीस वर्षं फायरमन होते. भट्टीसमोर उभं राहून त्यांच्या उजव्या गालाचा रंग डाव्या गालापेक्षा कायमचा वेगळा झाला होता. आम्ही फोटो काढताना त्यांना मुद्दाम डावीकडून उभं करायचो.

चांगला फायरमन चिमणीवरून कळतो, असं ते म्हणत. आग नीट जळत असेल तर धूर विरळ असतो. कोळसा अर्धवट जळला की धूर काळा होतो. तो किती काळा हे ठरवायला त्यांच्या खिशात पंजाएवढं एक कार्ड असायचं. त्यावर एका ओळीत चौकोन, पांढऱ्यापासून गडद होत होत पार काळ्यापर्यंत, आणि प्रत्येकाखाली शून्य ते पाच आकडे. कार्ड हात लांब करून आभाळाकडे धरायचं, धुराचा रंग ज्या चौकोनाशी जुळेल तो आकडा बॉयलरच्या लॉगबुकात लिहायचा. दर दोन तासांनी. ऊन असो, वारा असो, साहेब मागे उभा असो.

लॉगबुकाचे नियम आमच्या घरात इतर घरांतल्या शिस्तीच्या जागी होते. खोडरबर चालत नाही. पांढरा रंग फासायचा नाही. आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. चुकलं तर चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर आकडा, सही आणि दुरुस्ती केली ती तारीख. "चूक वाचता आली पाहिजे," बाबा सांगायचे. "नाहीतर दुरुस्त काय केलं ते पुढच्याला कळणार कसं?"

मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला ड्रॉइंगच्या जाड कागदावर पेन्सिलीने तसंच एक कार्ड करून दिलं. आमच्या गच्चीवरून मिलची चिमणी स्वच्छ दिसायची. शाळेतून आले की पाच वाजता गच्चीवर जायचं, कार्ड धरायचं आणि वहीत आकडा लिहायचा. सहाला बाबा यायचे, हातपाय धुवायच्या आधी आमचे आकडे पडताळले जायचे. माझा आणि त्यांचा आकडा जुळला की ते मला सलाम ठोकायचे आणि इन्स्पेक्टर म्हणायचे. हे नाव मला कायमचं चिकटलं.

एकदा मी खाली मैत्रिणींबरोबर खेळत राहिले. सहाच्या ठोक्याला आठवण झाली, पळत वर गेले आणि गच्चीवर न जाताच वहीत 'एक' लिहून टाकला. एकच तर असतो रोज. त्या दिवशी बॉयलर साफसफाईसाठी दुपारपासून बंद होता. चिमणीतून धुराची रेषही निघाली नव्हती. बाबांनी वही बघितली आणि विचारलं, "पाहिलंस?" मी भोकाड पसरलं. त्यांनी मला रडू दिलं, मग पेन हातात दिलं. त्या 'एक'वर आडवी रेघ. बाजूला शून्य. माझी सही, जी मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा केली. आणि तारीख.

"न बघता लिहिलंस, ती चूक," ते म्हणाले. "चूक दुरुस्त होते. बघून वेगळं लिहिणारा माणूस मात्र बॉयलरवर नको."

हे ते नुसतं बोलायचे नाहीत. एकदा बाहेरून तपासणीचे लोक यायचे होते आणि मॅनेजरने बाबांना सुचवलं की आजच्यापुरता दोन लिहा. बाबांनी चार लिहिला, कारण चार होता. ते कधी फोरमन झाले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघं झाले. आईने त्यावरून त्यांना बरंच ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे आणि गच्चीवर जायचे.

मी मोठी झाले, परीक्षा देत राहिले आणि सरकारच्या नियोजन खात्यात चिकटले. मग ती साथ आली. सगळं बंद झालं तशी मिलही बंद झाली, ती सात महिने. पहिल्या महिन्यात बाबा गच्चीवरून खाली येऊन मोठ्या समाधानाने "शून्य" म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात म्हणेनासे झाले. रोज सकाळी टाचणी घेऊन ते गॅसच्या शेगडीची भोकं एकेक करून साफ करायचे, ज्योत पूर्ण निळी होईपर्यंत. शेवटी आईने टाचणी लपवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते सुई घेऊन बसलेले दिसले. शेगडीपुढे वाकलेली त्यांची पाठ मला अजून दिसते. पुढे मी जे केलं त्याचं कारण मी स्वतःला देते तेव्हा हीच पाठ पुढे करते.

साथ ओसरल्यावर देश पुन्हा उभा करायचा म्हणून सरकारने मोठा निधी काढला. त्याला उभारी निधी म्हणत. या पैशातला निम्मा तरी हवामानाला जपणाऱ्या कामांवर जाईल असं जाहीर वचन होतं. वचन दिलं की ते मोजायला कोणीतरी लागतं, म्हणून आमच्या खात्यात एक शाखा उघडली. येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला आम्ही तीनपैकी एक शेरा द्यायचा. पवनचक्क्या, रेल्वे, घरातली ऊब किंवा गारवा बाहेर न गळू देणाऱ्या खिडक्या, हे हिरवं. विमान कंपनीला आधार, नवा महामार्ग, कोळसा, हे करडं. शिक्षकांचे पगार वगैरे बिनरंगी. इतर शाखांनी आमचं बारसं रंगारी असं केलं. करडा शेरा बसला की प्रस्ताव परत जायचा.

मी या शाखेत गेले तेव्हा बाबांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही, आणि विसरता आला असता तर बरं झालं असतं. मिल तेव्हा निम्म्याने का होईना, सुरू झाली होती. बॉयलर हाऊसमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगितलं की माझी पोरगी आता देशाच्या कामांना आकडे देते. त्यांच्याबरोबर सहा फायरमन होते. त्यातले एक शिट्टीकाका, बाबांचे सगळ्यात जुने सोबती. कामावर सारखी शिट्टी वाजवायचे म्हणून हे नाव पडलं. पुढे कोळशाच्या धुळीने छाती धरली आणि शिट्टी आपोआप वाजायला लागली. आता तोंडाला त्रास नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

आता आमच्या रंगारीपणाबद्दल. शेरा कसा द्यायचा याची एक पुस्तिका होती. तिच्यात साफ लिहिलं होतं की प्रस्तावातला मुख्य खर्च कशावर आहे ते बघा. पण प्रस्ताव ढिगाने यायचे आणि आम्ही होतो अकरा जण. म्हणून शाखेत एक रीत पडली. प्रस्तावात कलमं असतात, ती मोजायची. हिरवी कलमं जास्त तर हिरवा, करडी जास्त तर करडा. कलम केवढं आहे ते बघायचं नाही. ही रीत बाहेर कळायला महिनाही लागला नाही. एका विमानतळाच्या प्रस्तावात धावपट्टी हे एक कलम होतं आणि फुलझाडं, दिवे, सायकलींचा मांडव, पाण्याचे नळ अशी दहा. विमानतळ हिरवा झाला. आम्ही चहा पिताना त्यावर हसलो. मीही हसले.

आमचे साहेब हसत नसत. तिमाही विवरण निघायच्या आधी हिरव्याचं प्रमाण नेहमी थोडं कमी पडायचं, आणि मग ते टेबलांमधून फिरायचे. "हिरवं बघा जरा," एवढंच म्हणायचे. खोटं लिहा असं ते कधी बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, आम्ही सगळे समजूतदार होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, त्या तेवढ्या समजूतदार नव्हत्या. त्या पुस्तिका उघडून बसायच्या. त्यांना आम्ही पुस्तिकाबाई म्हणायचो आणि त्यांचे शेरे बहुतेक करडे असायचे.

अशाच एका तिमाहीच्या शेवटी माझ्या टेबलावर पेपर मिलचा प्रस्ताव आला.

नऊ कलमं होती. भिंतीलगत झाडं. कमी विजेचे दिवे. ऑफिसच्या छपरावर सौर पट्ट्या. सायकलींचा मांडव. पावसाचं पाणी साठवायची टाकी. असं करत आठ. नववं कलम होतं 'बाष्पनिर्मिती क्षमतावाढ'. मी बॉयलरवाल्याची मुलगी. त्या तीन शब्दांत काय दडलंय ते मला पुस्तिकेशिवाय कळलं. जुन्या बॉयलरच्या जोडीला नवा, त्याहून मोठा, कोळशावर चालणारा बॉयलर. दहातले नऊ पैसे त्यावर जाणार होते.

नियम असा होता की जिथे आपला नातेवाईक कामाला आहे तिथला कागद शेजारच्या टेबलावर सरकवायचा. शेजारी पुस्तिकाबाई होत्या. त्यांनी करडा दिला असता. करडा म्हणजे निधी नाही, निधी नाही म्हणजे सात महिने बंद पडून खिळखिळी झालेली मिल कायमची बंद, असा मी हिशेब केला. बाबांना निवृत्त व्हायला वीस महिने उरले होते. ते पुरे झाले नाहीत तर पेन्शन निम्मी. मला टाचणी आठवली, सुई आठवली. साहेब मागून गेले आणि त्यांनी हिरवं बघायला सांगितलं.

मी नववं कलम दोनदा वाचलं. घाईत नव्हते. मग 'हिरवा' लिहिलं आणि सही केली. माझं कोणी तिथे कामाला नाही, असं छापलेल्या ओळीखालीही सही केली.

त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा टेबलाशी वही घेऊन बसले होते. काही महिन्यांपासून ते दर शनिवारी तंत्रशाळेत कसलासा वर्ग करायला जात होते. मी त्यांची थट्टा करायचे, म्हातारपणी दप्तर घेतलंत म्हणून. त्या दिवशीही केली. त्यांनी लाजून वही मिटली. एरवी मी त्यांच्या हातातून ती ओढून घेतली असती. पण मी त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही मला विचारलं असतं की आज काय केलंस, आणि ते मला नको होतं. म्हणून मी आत जाऊन कांदा चिरत बसले.

दोन महिन्यांनी मंजुरी गेली. बाबा कामावरून आले, खुर्चीत बसले, बूट काढायचे विसरले. "कोळशाचाच मंजूर झाला," ते म्हणाले. मी विचारलं, म्हणजे मिल चालू राहणार ना. ते म्हणाले, हो, चालू राहणार. मग उठून त्यांनी ती वही कपाटावर, वरच्या बॅगेच्या मागे ठेवून दिली. मला वाटलं, थकलेत.

बॉयलर उभा राहायला सहा महिने लागले. तो पेटवायच्या दिवशी घरच्यांनाही बोलावणं होतं. बॉयलर हाऊसच्या दाराला हिरवी फीत बांधली होती, वर 'हरित उभारी' असा फलक. भिंतीलगत कुंड्यांमध्ये झाडं होती. ती सजावटवाल्याची होती, दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत गेली, हे मला नंतर कळलं. मॅनेजरचं भाषण झालं. सरकारचे आभार, मालकांचे आभार. आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्याने ते म्हणाले की आपल्या सर्वांत ज्येष्ठ फायरमनची कन्या त्याच खात्यात, त्याच शाखेत आहे, तेव्हा घरच्या माणसाचेही आभार मानायला हवेत.

ऑफिसातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहा फायरमन ओळीने उभे होते, त्यांच्यातल्या कोणाचे हात हलले नाहीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंड्यांकडे पाहत राहिले. आई माझ्या कानात म्हणाली, बघ, तुझं नाव घेतलं. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं आणि तिला वाटलं मी लाजले.

आग बाबांनीच लावली. नवी भट्टी, थंड विटा, चिमणीतून भसाभस काळा धूर आला. बाबांचा हात सवयीने खिशात गेला आणि कार्ड बाहेर आलं. मॅनेजर म्हणाले, आजच्या दिवस राहू द्या. बाबांनी हात लांब करून कार्ड आभाळाकडे धरलं, सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि नव्या कोऱ्या लॉगबुकाच्या पहिल्या ओळीत चार लिहिला.

परतताना बसमध्ये आई पुढे बसली, आम्ही दोघं मागे. दोन थांबे गेल्यावर बाबांनी विचारलं, कागद तुझ्याकडे आला होता का. मी हो म्हटलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. एक ट्रक धूर ओकत शेजारून गेला, त्याला त्यांनी काही आकडा दिला नाही.

"गर्दी असेल तेव्हा," ते म्हणाले. "न बघता सही झाली असेल."

पळून जायचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं होतं. मी त्यातून बाहेर पडले. "हो, फार गर्दी होती," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत एखाद्या आकड्याबद्दल त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर घरात आकडे बंद झाले. शेजारचा जनरेटर त्या वर्षी बिघडून अगदी काळा धूर सोडायला लागला, तरी तो अडीचच राहिला. एकदा आईने तव्यावरचं मुद्दाम जास्त वेळ राहू दिलं, स्वयंपाकघर धुराने भरलं. बाबा आले, खिडकी उघडली आणि बाहेर जाऊन बसले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, याला झालंय तरी काय. मी म्हटलं, वय झालंय.

निवृत्तीच्या दिवशी आईने बारा माणसांचा स्वयंपाक केला. सहा फायरमन आणि त्यांच्या बायका. आठ वाजेपर्यंत कोणी आलं नाही. मग शिट्टीकाका आले, एकटेच, जिन्यातूनच त्यांची छाती ऐकू आली. थोडं खाल्लं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. मी त्यांना सोडायला खाली गेले. पहिल्या मजल्यावर ते दम घ्यायला थांबले आणि तिथे त्यांनी मला जे सांगितलं ते मी जमेल तसं सांगते.

मिलने दोन प्रस्ताव तयार केले होते. एक कोळशाचा. दुसरा विजेवर चालणाऱ्या बॉयलरचा, ज्याला कोळसा नाही, राख नाही, चिमणीसुद्धा नाही. तो दुसरा बाबांनी मालकाच्या गळी उतरवला होता. चार वेळा त्यांच्या दारात जाऊन बसले होते. नवा बॉयलर चालवणार कोण, असं मालकाने विचारलं तेव्हा बाबांनी सहाही जणांना शनिवारच्या वर्गात घातलं. स्वतः पहिल्या परीक्षेत नापास झाले. दुसऱ्या वेळी पास झाले, पण घरी सांगितलं नाही, बॉयलर आला की एकदमच सांगू म्हणाले. मालक म्हणाला होता, आधी कोळशाचा पाठवतो, तो करडा ठरून परत आला की तुमचा पाठवू.

"आम्ही तो परत यायची वाट बघत होतो," शिट्टीकाका म्हणाले. "रोज. तो करडा होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

ते पुढे म्हणाले की मॅनेजरच्या त्या भाषणानंतर सगळ्यांनी बाबांना घेरलं आणि विचारलं, पोरीला तुम्ही सांगितलंत का. बाबा म्हणाले, हो, मीच सांगितलं, माझे थोडे महिने राहिले होते. त्या दिवसापासून बाकीच्यांनी त्यांच्याबरोबर डबा खाणं सोडलं.

"मी काही फार रागावलो नाही," काका म्हणाले. "रागवायला छाती लागते. पण त्याने असं करायला नको होतं. तो असं करेल असं वाटलं नव्हतं."

त्याच वेळी बोलायचं होतं. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, काका, हे एवढं वाक्य. ते तोंडाशी आलं होतं. जिन्यात आम्ही दोघंच होतो आणि कोणी मला खाऊन टाकणार नव्हतं. मी म्हटलं, "सावकाश उतरा, काका, तळमजल्यावर दिवा नाही." आणि ते शिट्टी वाजवत अंधारात उतरून गेले. वर आले तर बाबा दारातच होते. विचारत होते, इन्स्पेक्टर, तो नीट उतरला ना.

तीन दिवसांनी मी ऑफिसात जाऊन जुन्या कागदांतून तो प्रस्ताव काढला. 'हिरवा' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली. बाजूला 'करडा' लिहिलं. कारण लिहिलं, की मुख्य खर्च कोळशाच्या बॉयलरचा आहे, आणि शेरा देणाऱ्याचे वडील त्याच बॉयलरवर होते ही गोष्ट तिने लपवली. सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. पैसे खर्च झाले, विवरण छापून झालं, वचन पाळल्याबद्दल अभिनंदनाचा ठरावही झाला, आता हे कशाला, असं त्यांना खरोखरच कळेना. मला एक मेमो मिळाला आणि माझी बदली कागद, पेन्सिली, गोंद वाटणाऱ्या विभागात झाली. पुस्तिकाबाईंनी जाताना मला त्यांची पुस्तिका दिली. टोमणा होता की माया, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नववं कलम दोनदा वाचलं होतं, तेही सांगितलं. बसमध्ये खोटं बोलले, तेही. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, रेघ एकच मारलीस ना. मी हो म्हटलं. खालचं वाचता येतंय? येतंय. सही? केली.

"तारीख?"

मी आजची तारीख सांगितली.

त्यांनी गुडघ्यावर बोटं मोजल्यासारखी हलवली. निवृत्ती तीन दिवसांपूर्वी. पेन्शनचा कागद काल हातात पडलेला. त्यांना मोजायची काहीच गरज नव्हती. मला वाटतं, मला दिसावं म्हणून मोजलं.

"म्हणजे पेन्शनचा कागद आल्यावर," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर मी उभी तरी राहू शकले असते. मग ते म्हणाले की ऑफिसातला कागद ऑफिसातले लोक वाचतील. बॉयलर हाऊसमधले कुठे वाचायला येणार. एवढंच म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता, पाळी सुटायच्या वेळेला, मी मिलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. वर दोन चिमण्या होत्या, दोन्हींतून धूर येत होता. सहाही जण बाहेर आले. त्यांच्यातला एक मला बघून रस्ता बदलायला लागला, शिट्टीकाकांनी त्याला हाताने थांबवलं. मी सांगितलं, बाबांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. कागद माझ्याकडे होता, मी वाचला, मी लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा ते हो म्हणाले, ते माझ्यासाठी.

मला वाटलं होतं शिव्या मिळतील, आणि खरं सांगते, मी त्यांची वाट बघत होते. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. ते एकमेकांकडेही बघत नव्हते. मान खाली घालून जो तो आपल्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे बघत होता. शेवटी शिट्टीकाका बोलले, तेही माझ्याशी नाही, त्या पाच जणांशी.

"वर्षभर एकटा जेवला तो," ते म्हणाले.

मग ते सगळे बसच्या थांब्याकडे चालू लागले. मी त्यांच्या मागून गेले नाही, पुढची बस येईपर्यंत तिथेच उभी राहिले.